सात वर्षांनंतर जीव स्वस्त होतो काय?

पहाटे तीन-साडेतीनला बेळगावच्या भाजी मार्केटबाहेर जाऊन उभे राहा. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरचीने भरलेल्या पिकअप गाड्या एकामागून एक गोव्याच्या वाटेला लागतात. चोर्ला घाट उतरायचा आणि बाजार उघडायच्या आत म्हापसा-पणजी गाठायची. गोव्यातल्या घराघरातली भाजी या गाड्यांवर अवलंबून आहे. या गाड्यांपैकी कितीतरी दहा-बारा वर्षांच्या जुन्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताच्या, सोसायटीचे किंवा फायनान्सचे कर्ज काढून घेतलेल्या. आणि त्या चालवणारी पोरे आपलीच आहेत. कोणी खानापूर तालुक्यातले, कोणी बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतले.

आज आम्हाला या गाड्यांविषयी बोलायचे आहे. हा विषय आपल्या पत्रकाचा नव्हे, असे काही वाचक म्हणतील. गाडी बिघडली तर मिस्त्रीकडे जावे, मंडळाने त्यात कशाला पडायचे? आम्हाला हे मान्य नाही. कोणाच्या जिवाला कायद्याने किती किंमत द्यायची, हे जिथे ठरते तिथे राजकारण असतेच. आणि ती किंमत ठरवताना आपल्या माणसाला कोणी विचारलेले नाही.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या एका सभासदाने तिसऱ्या हाताची पिकअप घेतली. आर.सी. बुकावर नाव चढवले, विमा भरला, पासिंग करून घेतले. सगळे कायदेशीर. पावसाळ्यात एका पहाटे घाटातल्या वळणावर स्टिअरिंग एकदम सैल झाले. दरीच्या बाजूला न जाता गाडी डोंगराच्या बाजूला घासली, हे त्याचे नशीब. टोमॅटोचे क्रेट रस्ताभर झाले आणि त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. गाडी ओढून गॅरेजला नेली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "अण्णा, या मॉडेलचा हा जोड कंपनी फुकट बदलून देत होती. तुम्हाला पत्र आलं नाही का?"

पत्र आले होते. ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेले होते, दुसऱ्या राज्यात. त्याने गाडी विकून चार वर्षे झाली होती. त्याने पत्र बाजूला टाकले असणार, त्याला तरी काय दोष द्यायचा? आमचा सभासद हात गळ्यात बांधून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथे कॉम्प्युटरकडे बघत साहेब म्हणाले, "तुमचं नाव आमच्या रेकॉर्डला नाही. आणि गाडीला सात वर्षं होऊन गेलीत." जोडाचे पैसे त्यानेच भरले. आम्ही इथे कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एका कंपनीला शिव्या घालून हा रोग बरा होणार नाही. रोग कायद्यात आहे.

कायदा काय आहे ते बघू. २०१२ सालापर्यंत आपल्या देशात सदोष गाडी परत बोलावण्यासाठी, म्हणजे रिकॉलसाठी, काहीच लिखित पद्धत नव्हती. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वतःसाठी एक ऐच्छिक आचारसंहिता केली. चोरानेच चौकीदाराची नेमणूक करावी, तसला हा प्रकार! पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ११०-अ हे कलम आले. या कलमाने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम काढता येतो. कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, अशी तरतूद आहे. कलम चांगले आहे, ते आणणाऱ्यांचे आम्ही अभिनंदन करतो. पण १ एप्रिल २०२१ पासून जे नियम लागू झाले, त्यात मेख मारून ठेवली आहे. हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरतेच!

सात वर्षे! श्रीमंत माणूस सात वर्षांत गाडी विकून मोकळा होतो. मग ती गाडी गरिबाच्या दारात येते. म्हणजे कायद्याचे संरक्षण नेमके कुठे संपते? गाडी गरिबाच्या हातात पडते, तिथेच संपते.

शिवाय सरकारने हुकूम काढावा यासाठी तक्रारींचा आकडा गाठावा लागतो. वर्षाला दहा हजारांहून जास्त विकल्या जाणाऱ्या मोटारीसाठी १२५० तक्रारी. बस-ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांसाठी वार्षिक विक्रीच्या ३ टक्के. आता आम्हाला सांगा, पहाटे तीनला घर सोडणारा आणि दुपारी घरी येऊन पाठ टेकणारा आपला भाजीवाला पोर्टलवर तक्रार केव्हा करणार? गाडी बिघडली की तो मिस्त्रीला गाठतो, दोन हजार देतो आणि पुढच्या खेपेला लागतो. तक्रार न केल्यामुळे आकडा होत नाही, आकडा नाही म्हणून दोष नाही, आणि दोष नाही म्हणून पुढचा माणूस त्याच वळणावर मरायला मोकळा!

याला कोणी म्हणेल, जुनी गाडी आहे, बिघडणारच, त्यात कंपनीचा काय दोष? हा प्रश्न रास्त आहे. झीज आणि दोष यात फरक केलाच पाहिजे. टायर गुळगुळीत झाला, ब्रेकचे लायनर संपले, तर ती मालकाची जबाबदारी. पण काही दोष असे असतात की ते गाडीबरोबरच कारखान्यातून येतात आणि वर्षानुवर्षे दबा धरून बसतात. ते सातव्या वर्षापर्यंत दिसतच नाहीत. हे आमच्या कल्पनेतले नाही. अमेरिकेत पिकअप गाड्यांच्या बाबतीत जे घडले, ते सगळे कागदावर आहे. ते प्रत्येक टेम्पोवाल्याने समजून घ्यावे.

फोर्ड कंपनीची रेंजर नावाची पिकअप. २००६ सालचे मॉडेल. त्यातली एअरबॅग फुगवणारा डबा टकाटा या जपानी कंपनीने बनवलेला. त्यात अमोनियम नायट्रेट वापरले होते. आपल्याकडे दगडाच्या खाणीत सुरुंगाच्या दारूत जे वापरतात, तेच. हे रसायन दमट हवेत आणि उष्णतेत हळूहळू खराब होते. एक वर्षात नाही, दोन वर्षांत नाही, अनेक वर्षांनी. मग अपघात झाला की डबा एअरबॅग फुगवण्याऐवजी स्वतःच फुटतो आणि धातूचे तुकडे चालकाच्या गळ्यात-छातीत घुसतात. डिसेंबर २०१५ मध्ये साउथ कॅरोलिना राज्यात अशी एक रेंजर रस्त्यात आलेल्या गाईला धडकली. आपल्याकडे रोज होणारा अपघात! अशा धडकेतून माणूस वाचायला हवा होता. एअरबॅगच्या डब्याने त्याचा जीव घेतला. गाडी तेव्हा नऊ वर्षांची होती.

जानेवारी २०१६ मध्ये फोर्डने सुमारे ३ लाख ९१ हजार रेंजर गाड्या परत बोलावल्या. तरी जुलै २०१७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात दुसरा बळी गेला. त्याही गाडीतला डबा पहिल्या गाडीतल्या डब्याच्याच दिवशी बनलेला. तेव्हा कुठे, जानेवारी २०१८ मध्ये, दुरुस्त न झालेल्या सुमारे २९०० गाड्यांच्या मालकांना कंपनीने सांगितले की गाडी चालवूच नका, आम्ही ओढून नेतो, दुरुस्त होईपर्यंत दुसरी गाडी देतो. एवढे करूनही २०२२ मध्ये फ्लोरिडात आणखी एक माणूस याच मॉडेलच्या गाडीत गेला. सोळा वर्षांची जुनी पिकअप! दरम्यान २०१७ मध्ये टकाटाने अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला होता. चाचण्यांचे खोटे आकडे गाडी कंपन्यांना दिले, हा तो गुन्हा. दंड आणि भरपाई मिळून १०० कोटी डॉलर. कंपनीचे दिवाळे निघाले.

आता हीच रेंजर आपल्या नियमांच्या तराजूत घालून बघा. पहिला बळी नवव्या वर्षी, दुसरा अकराव्या वर्षी, तिसरा सोळाव्या वर्षी. सात वर्षांच्या आत एकही नाही! म्हणजे आपल्या नियमांप्रमाणे त्या गाडीवर रिकॉलचा हुकूम निघालाच नसता. तीन माणसे मेली असती आणि कागदोपत्री दोष शून्य.

दुसरे उदाहरण टोयोटाच्या टॅकोमा पिकअपचे. १९९५ ते २००० या मॉडेलांची चासी गंजून तिला भोके पडू लागली. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागांत ते जास्त. चासी म्हणजे गाडीचा कणा. २००८ मध्ये कंपनीने गंजाची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि फार गंजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीने परत विकत घेतल्या. आठ ते तेरा वर्षांच्या गाड्या, दीडपट किमतीने! आपल्याकडे तेरा वर्षांची पिकअप घेऊन शोरूमला गेलात, तर वॉचमन आत सोडेल काय?

तिथल्या कायद्यातही वयाची मर्यादा आहे, हे आम्ही लपवत नाही. पण ती बघा. रिकॉलची दुरुस्ती फुकट देण्याची मुदत तिथे आधी आठ वर्षे होती, मग दहा झाली आणि २०१५ च्या कायद्याने पंधरा झाली. लोक गाड्या जास्त वर्षे चालवतात, तेव्हा मुदत वाढवली. आपल्याकडेही गाड्या वर्षानुवर्षे चालतात. मग आपली मुदत त्यांच्या निम्म्याहून कमी का?

अमेरिका म्हणजे रामराज्य आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. तिथेही कंपनीची पकड केवढी असते, हे जनरल मोटर्सच्या पिकअपने दाखवले. १९७३ ते १९८७ या मॉडेलांमध्ये पेट्रोलच्या टाक्या चासीच्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही कुशींना बसवलेल्या होत्या. बाजूने धडक बसली की टाकी फुटायची आणि गाडी पेटायची. १९८८ च्या नव्या मॉडेलात कंपनीने टाकी मुकाट्याने चासीच्या आत घेतली. पण जुन्या लाखो गाड्या रस्त्यावर तशाच. एप्रिल १९९३ मध्ये सरकारी सुरक्षा खात्याने गाड्या परत बोलावण्याची विनंती केली, कंपनीने नकार दिला. तिचे म्हणणे, आमची गाडी सरकारी मानकात बसते. ऑक्टोबर १९९४ मध्ये परिवहनमंत्री फेडेरिको पेन्या यांनी जाहीर केले की गाडीत दोष आहे आणि अशा आगींत सुमारे १५० माणसे गेली आहेत. आणि दोनच महिन्यांत, डिसेंबर १९९४ मध्ये, समझोता झाला. कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरहून थोडी जास्त रक्कम दिली आणि एकही गाडी परत बोलावली गेली नाही. दोष मान्य, मेलेले मान्य, पण टाकी जिथे होती तिथेच!

"मानकात बसते" हे वाक्य वाचकांनी नीट लक्षात ठेवावे. उद्या तुम्ही तक्रार घेऊन गेलात की हेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकले जाईल. मानक म्हणजे किमान पायरी. त्या पायरीवर उभा असलेला माणूस पडत नाही, असे कोणी सांगितले?

याच प्रकरणातला एक धडा आपल्या बाजूसाठीही आहे, आणि तो कडू आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीने या पिकअपवर कार्यक्रम केला. धडक बसताच गाडी पेटते असे दाखवले. नंतर उघड झाले की आग हमखास लागावी म्हणून वाहिनीच्या लोकांनी गाडीखाली ठिणगी पाडणारी साधने लावली होती. फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. दोष खरा होता, मेलेली माणसे खरी होती, पण एका खोट्या ठिणगीने कंपनीला साळसूदपणे बळी ठरण्याची संधी दिली. म्हणून आम्ही आमच्या सभासदांना बजावून सांगतो की तक्रार करताना एक अक्षर वाढवून लिहू नका. माल जादा भरला होता तर भरला होता असे लिहा. दीड टनाच्या गाडीत अडीच टन घालायची खोड आपल्याला आहे, ती आपली चूक आहे आणि तिच्यावर आपण वेगळे बोलू. पण आपल्या चुकीच्या आड कंपनीने आपली चूक लपवू नये. टाकी कुठे बसवायची, डब्यात कोणते रसायन भरायचे, हे चालक ठरवत नाही.

रिकॉल आपल्याकडे होतच नाहीत, असेही आमचे म्हणणे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने आपल्या २९,८७८ पिकअप गाड्या एक नळी तपासून बदलण्यासाठी परत बोलावल्या. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बनलेल्या गाड्या. कंपनीने स्वतःहून केले, चांगले केले. म्हणजे हे करता येते! नव्या गाडीच्या मालकाला फोन करून बोलावता येते. मग जुन्या गाडीच्या मालकाला का नाही? त्याचा फोन नंबर सरकारकडे नाही काय? दंडाची पावती तर त्याच्या मोबाइलवर दुसऱ्या दिवशी येते! फिटनेससाठी, करासाठी, विम्यासाठी सरकारला तिसरा मालक बरोबर सापडतो. फक्त त्याचा जीव वाचवायचा असला की पत्ता हरवतो.

आणि नोटीस आली तरी ती कोणत्या भाषेत? आमच्या पाहण्यात आलेल्या नोटिसा इंग्रजीत होत्या. अमेरिकेत टकाटाच्या एअरबॅगांसाठी स्पॅनिशमधूनही प्रचार केला गेला आणि काही भागांत घरोघर माणसे पाठवली गेली. कारण कळलेच नाही तर गाडी दुरुस्तीला येणार कशी? आम्ही भाषेचा आग्रह धरला की आमच्यावर संकुचितपणाचा शिक्का मारला जातो. इथे कसला संकुचितपणा? कानडी माणसाला कानडीत कळवा, कोंकणी माणसाला कोंकणीत, मराठी माणसाला मराठीत. "गाडी चालवू नका, जिवाला धोका आहे" हे वाक्य ज्याला त्याला आपल्या भाषेत वाचता यावे, एवढीही मागणी करायची नाही काय?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, सात वर्षांची अट काढून ती किमान पंधरा वर्षांची करावी. ज्या गाडीला सरकार फिटनेसचा दाखला देऊन रस्त्यावर सोडते, त्या गाडीच्या दोषाची जबाबदारी कायद्याने संपता कामा नये. दुसरी, मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंगला जावेच लागते. तिथेच चासी नंबरवरून बघावे की या गाडीवर रिकॉल बाकी आहे काय, आणि असेल तर मालकाच्या हातात लेखी कागद द्यावा. याला नवा कर्मचारी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. तिसरी, सूचना आजच्या मालकाच्या मोबाइलवर, त्याच्या भाषेत यावी. चौथी, कोणत्या मॉडेलबद्दल किती तक्रारी आल्या, हे आकडे सर्वांना बघता यावेत, म्हणजे सेकंडहँड गाडी घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल.

आपल्या खासदारांना आणि आमदारांना आम्ही हे निवेदन देणार आहोत. ते कोणत्या पक्षाचे आहेत, हे आम्ही बघणार नाही. निवडणुकीत याच पिकअप गाड्या झेंडे लावून त्यांच्या मिरवणुकीत फिरतात. त्या गाड्यांच्या मालकांसाठी लोकसभेत एक प्रश्न विचारायला त्यांना जड जाऊ नये. विचारला तर याच पत्रकात त्यांचे नाव छापू. नाही विचारला तरी छापू.

पण सगळे सरकारवर टाकून आपण हात बांधून बसायचे नाही. ज्यांच्याकडे जुनी पिकअप किंवा टेम्पो आहे, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. आर.सी. बुकावर स्वतःचे नाव आणि चालू मोबाइल नंबर आहे ना, ते बघावे. चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जावे आणि या गाडीवर काही रिकॉल बाकी आहे काय, हे विचारावे. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नये, लेखी मागावे. आणि दोष आढळला तर मिस्त्रीला दोन हजार देऊन गप्प बसू नये. 'वाहन'च्या रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवावी. गाडी सात वर्षांपुढची असली तरी नोंदवावी. नाकारली तर नकाराचा कागद आपल्या हातात राहील, आणि असे कागद घेऊनच आपल्याला भांडायचे आहे. पोर्टल जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात आर.सी. बुक घेऊन यावे. आमची कॉलेजची पोरे बसलेली असतील, ती भरून देतील.

आमचा तो सभासद हाड जुळल्यावर पुन्हा गाडीवर जाऊ लागला आहे. दुसरे करणार काय? हप्ता थांबत नाही. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "त्या वळणावर आलो की अजून हात घट्ट होतात." त्या वळणावरून रोज पहाटे किती गाड्या उतरतात, आणि त्यातल्या कितींचे पत्र कोणा पहिल्या मालकाच्या कपाटात पडून आहे, हे आज कोणालाच सांगता येत नाही. ते सांगता यावे, एवढ्यासाठीच हा लेख. वाचून झाला की हे पत्रक घडी करून ठेवू नका. शेजारच्या टेम्पोवाल्याच्या हातात द्या.